जोड धरण्याआधी
(रोजनिशीतील पाने)

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

आज घटस्थापना. पूर्वी घटाची माती राई-मुर्ध्याच्या शेतातून यायची, आता सोसायटीच्या कुंडीतली घेतो. आईनं पत्रावळीवर माती पसरली, मधे घट ठेवला, भोवती धान्य पेरलं, पाणी शिंपडलं आणि हात जोडून म्हणाली, "यंदा घरात पाळणा हलू दे गं माय." मागणं वहिनीसाठी होतं. वहिनी नालासोपाऱ्याला, देवी भाईंदरला, मधे खाडी.

मी मात्र घड्याळ बघत होते. मंगळवारी संध्याकाळी सहाला आठ उंदरिणींना पहिलं इंजेक्शन दिलंय, आज बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी दुसरं. पहिल्यानं बीजकोशातल्या पुटिका वाढतात, दुसऱ्यानं बीजांडं पिकून सुटतात. त्यानंतर तेरा-चौदा तासांनी ती बीजवाहिनीत सापडतात. म्हणजे उद्या सकाळी आठच्या आत मी परळला हवी. बाहेर नवरात्र असो की पाऊस, अ‍ॅनिमल हाउसमध्ये बारा तास उजेड आणि बारा तास अंधार.

परतताना गाडीत तारीख आठवली. १९७८ साली आजच्याच दिवशी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. दुर्गापूजेचे दिवस, म्हणून तिचं नाव दुर्गा. लुईस ब्राउनचा जन्म होऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. सरकारी समितीनं डॉक्टरांचं म्हणणं मानलं नाही, त्यांची बदली झाली, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. मग ६ ऑगस्ट १९८६ ला आमच्या परळच्या केईएममध्ये हर्षा जन्मली. तिथल्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. पुढे आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद स्वतः तपासले आणि १९९७ मध्ये लिहून टाकलं की पहिलेपणाचा मान त्यांचा. आपल्याच नावावरची ओळ आपल्याच हातानं खोडायची! माझ्याच्यानं झालं असतं का, याचं उत्तर बोरिवली येईपर्यंत शोधत होते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटेची लोकल. भाईंदरहूनच सुटणारी, म्हणून बसायला मिळालं. विरारहून येणाऱ्या गाडीत भाईंदरच्या बाईनं चढणं हा निराळाच विषय आहे.

उपवासाच्या दिवसांत आठ जीव घेतले. आमच्याकडे त्याला 'सॅक्रिफाइस' म्हणतात. वहीत तसंच लिहितो, बोलतोही तसंच. नवरात्रात मात्र या शब्दाचं मराठी आपोआप डोक्यात उमटतं. प्रत्येक उंदराचा हिशेब प्राण्यांच्या नैतिक समितीला द्यावा लागतो. किती, कशासाठी, याहून कमी संख्येत भागेल का. हे बरंच आहे, नाहीतर हात सरावतो. आई यातलं काही विचारत नाही. घरी गेल्यावर आधी अंघोळ कर, एवढंच सांगते.

बीजवाहिनीचा फुगीर भाग सुईच्या टोकानं फाडला की आतून ढगासारखा एक पुंजका सरकत बाहेर येतो. त्या चिकट ढगात बीजांडं अडकलेली असतात. उंदराचं बीजांड ऐंशी मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा बारावा हिस्सा. पाच वर्षं झाली तरी हा ढग बाहेर येताना मी श्वास रोखते. आज एकशे ब्याऐंशी बीजांडं मिळाली. नराच्या अधिवृषणाच्या शेपटाकडून काढलेले शुक्राणू तासभर माध्यमात ठेवले, मग बीजांडांच्या थेंबात सोडले. उद्या त्यातली किती दोन पेशींची झाली ते मोजायचं.

तो तासभराचा थांबा हाच माझ्या थिसिसचा विषय. ताजा शुक्राणू पोहतो झकास, पण बीजांडात शिरू शकत नाही. मादीच्या शरीरात काही काळ काढल्यावरच ती पात्रता त्याच्या अंगी येते. ही गोष्ट १९५१ साली अमेरिकेत चांग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांना एकमेकांच्या नकळत सापडली. इंग्रजीत त्याला कपॅसिटेशन म्हणतात. मराठीत काय म्हणायचं?

हा प्रश्न आज जास्तच बोचला, कारण कालच मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. डब्यात एक काकू मोबाइलवर बातमी वाचून दाखवत होत्या. 'क्षमतार्जन' म्हणून पाहिलं. सरकारी कचेरीतल्या पाटीसारखं वाटतं. र. धों. कर्व्यांनी कसं केलं असेल? १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ ला मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. वाचकांच्या शंकांना ते सरळ उत्तर द्यायचे. लोकांना कळेल असा शब्द सापडला नाही तर दोष विषयाचा नाही, लिहिणाऱ्याचा, असं त्यांचं काम बघून वाटतं.

६ ऑक्टोबर, रविवार

एकशे ब्याऐंशीपैकी चार. फक्त चार बीजांडं दोन पेशींची झाली. काल मोजलं, दोनदा मोजलं. वहीत लिहिलं आणि वही मिटली.

आज दादा-वहिनी आले होते. वहिनीच्या हातात नेहमीची फाइल. त्यावर आईच्या अक्षरातली चिठ्ठी, 'सूनबाई – दवाखाना'. फाइल आईनंच लावून दिली आहे, तारखेवार, वीजबिलांसारखी. तीन वर्षांचे कागद. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, पुन्हा सोनोग्राफी. शेवटपर्यंत उलटली. दादाचा एकही कागद नाही.

"दादा, तुझी तपासणी?"

"मला काय झालंय? धडधाकट आहे मी."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला कशाला मधे आणतेस?"

यावर माझ्याकडे व्याख्यान तयार असतं. जगात सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं गेल्या वर्षी सांगितलं. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. त्याची पहिली तपासणी सर्वांत सोपी. सुई नाही, भूल नाही, दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक डबी. हे सगळं मी बोलले. पण आवाज चढला, आणि चढल्या आवाजातलं विज्ञान घरात कोणी ऐकत नाही. दादा उठून गॅलरीत गेला. वहिनी हळूच म्हणाली, "जाऊ दे. तू नको वाईट होऊस."

ती गेल्यावर लक्षात आलं, पाच वर्षं मी शुक्राणूंवर काम करतेय, आणि माझ्या घरात तीन वर्षं एकटं बीजांड तपासलं जातंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

चूक सापडली. माझीच.

शुक्राणूंमधली प्रथिनं वेगळी करून पडद्यावर उतरवली आणि ज्या प्रथिनांच्या टायरोसिनवर फॉस्फेट चढलंय त्यांनाच धरणारं प्रतिपिंड लावलं. तासाभरानं शुक्राणू तयार झाले असते तर वरपासून खालपर्यंत पट्ट्यांची शिडी दिसायला हवी होती. दिसली एकच पट्टी, ११६ किलोडाल्टनची. ती हेक्सोकायनेजची, आणि ती तयार-अतयार सगळ्याच उंदरांच्या शुक्राणूंत असते. ती हजेरीपुरतीच. म्हणजे माझे शुक्राणू तासभर नुसते पोहत होते.

वही मागे उलटली. माध्यम बनवताना प्रत्येक घटकापुढे बरोबरची खूण. शेवटच्या ओळीपुढे नाही. अल्ब्युमिन. ते सर्वांत शेवटी माध्यमावर भुरभुरवायचं आणि आपोआप विरघळू द्यायचं, ढवळलं तर फेस येतो. त्या वेळी वहिनीचा फोन आला होता. पुन्हा सगळं सामान्य आलंय म्हणून ती रडत होती. मी बाहेर जिन्यात जाऊन बोलत राहिले आणि परत आल्यावर बाटलीला बूच लावून टाकलं. शुक्राणू बशीच्या तळाला चिकटत होते, तेही पाहिलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलं तरी मनावर घेतलं नाही.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "आठ जनावरं," एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं.

रात्री बाबांना सांगत होते. बाबा अठ्ठावीस वर्षं भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंगच्या मशीनवर होते. त्यांना म्हटलं, शुक्राणूच्या पातळ आवरणात कोलेस्टेरॉल असतं. अल्ब्युमिन ते ओढून घेतं. ते निघालं की आवरण सैल होतं, बाहेरून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आत येतं, आतली यंत्रणा जागी होते आणि शेपटी चाबकासारखी फटके मारू लागते. मी अल्ब्युमिनच घातलं नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे तेल पुसलं नाहीस."

"काय?"

"टोपाला कान लावायचा तर पत्र्यावरचं तेल आधी पुसावं लागतं. नवीन पोरं विसरतात. मशीन दाबलं की ठिणगी उडते, कान चिकटल्यासारखा वाटतो. बाजारात गेला की हातात येतो. तेल पुसल्याशिवाय जोड धरत नाही." मग थोडं थांबून, "आणि दोन्हीकडचं पुसायचं. टोपाचं पण, कानाचं पण."

मी उठून वही आणली.

आज दुपारी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, बेकर, हसाबिस आणि जम्पर यांना. शेवटच्या दोघांच्या अल्फाफोल्डमुळे प्रथिनाचा आकार संगणक सांगतो. प्रयोगशाळेत सगळे त्यावर बोलत होते. मला आजचं मोठं वाक्य भांड्यांच्या कारखान्यातून मिळालं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

घट उठवले. पिवळट, लुसलुशीत अंकुर बोटभर वर आलेत. आईनं थोडे देवाला वाहिले, थोडे बाबांच्या टोपीत खोचले, थोडे माझ्या केसांत. मातीची पत्रावळ तुळशीच्या कुंडीत रिकामी झाली.

लीला दुबे यांचा १९८६ चा 'बीज आणि भूमी' या कल्पनेवरचा लेख एम.एस्सी.ला असताना एका मैत्रिणीनं वाचायला दिला होता. मराठी घरातल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की पुरुष बीज देतो आणि बाई शेत असते, ही उपमा नुसती उपमा नाही. बीज ज्याचं, पीक त्याचं. मूल, नाव, जमीन सगळं त्यातून ठरतं. आणि पीक आलं नाही तर? तेव्हा मात्र कोणी बियाणं तपासत नाही, जमीन नापीक ठरते. दादाची फाइल का नाही, याचं उत्तर त्या उपमेत आहे.

गंमत म्हणजे विज्ञानही याच वाटेनं चाललं. लेव्हेनहुकनं १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले. सस्तन प्राण्याचं बीजांड फॉन बेअरला दिसलं ते १८२७ मध्ये. मधे दीडशे वर्षं. शुक्राणूचं डोकं माणसात पाच मायक्रॉनच्या आसपास आणि बीजांड शंभराच्या वर, नुसत्या डोळ्यालाही ठिपक्याएवढं जाणवेल असं. पण ते कमी, खोल दडलेलं आणि महिन्याला एकच. मोठं ते उशिरा दिसलं. दोघांची केंद्रकं एक होताना ऑस्कर हर्टविगनं समुद्री साळिंद्रात पाहिली ती १८७६ मध्ये. म्हणजे मूल दोघांचं निम्मं-निम्मं असतं हे ज्ञान दीडशे वर्षांपेक्षा जुनं नाही. आईची उपमा हजारो वर्षांची. तिच्यावर चिडून काय होणार?

तरी अंकुर हातात घेऊन तिला म्हटलं, "आई, गव्हाच्या दाण्यात आधीच आई-बाप दोन्ही असतात. दाणा म्हणजे झालेलं मूल. बीज पुरुषाचं असतं हे खरं नाही."

आई म्हणाली, "सोनं घे आणि गप बस." आपट्याचं पान हातात दिलं. पण पत्रावळीकडे तिनं एकदा वळून पाहिलं, तेही मी पाहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

नऊ दिवस झाले, आज मासळी. बाबांबरोबर बाजारात गेले. उत्तनच्या मावशींकडे ताजी गाबोळी होती. पिवळीधमक, दोन लांबट पिशव्या.

"काय गं बाय, तुझं शिक्षण संपलं का नाय?"

"पुढच्या वर्षी."

"काय शिकते एवढं?"

म्हटलं, अंडं फळतं कसं, ते. त्या हसायला लागल्या. गाबोळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ. ह्यात लाख असतील. दर्यात सगळं उघड्यावर. ह्या मासळीच्या अंड्यात त्या मासळीचा कसा शिरत नाय, ते सांग मला."

बाबा सुटे पैसे मोजत होते. मी गप्प. कारण हा प्रश्न विचारायला विज्ञानाला फार वेळ लागला, आणि उत्तराचा एक मोठा तुकडा २०१८ मध्ये व्हिएन्नात आंद्रेआ पाउली यांच्या गटाला मिळाला. झेब्राफिशच्या अंड्यावर एक चिमुकलं प्रथिन असतं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं बाउन्सर, दारावरचा पहारेकरी. ते काढलं तर शुक्राणू आत येत नाही. आणि त्या जागी मेडाका माशाचं बाउन्सर बसवलं तर झेब्राफिशच्या अंड्यात मेडाकाचा शुक्राणू शिरतो.

मावशींना सांगितलं, अंड्याच्या दारात एक राखणदार असतो, तो आपल्या जातीचा ओळखतो.

"मग बरोबर," त्या म्हणाल्या, "दार अंड्याचंच असणार." आणि गाबोळी पानात बांधून दिली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जर्नल क्लब. वाचायला घेतला तो काल 'सेल'मध्ये आलेला पेपर, पुन्हा पाउलींच्याच गटाचा. मावशींच्या प्रश्नाचा पुढचा भाग त्यात आहे.

आधीची कथा अशी. शुक्राणू बीजांडाला नेमका कशानं धरतो, हे कोणाला माहीत नव्हतं. २००५ मध्ये जपानात ओकाबे यांच्या गटाला शुक्राणूवरचं एक प्रथिन सापडलं. नाव ठेवलं इझुमो, लग्न जुळवणाऱ्या देवाच्या तिथल्या देवस्थानावरून. जपानी लोक मानतात की दहाव्या चांद्रमासात देशभरचे देव तिथे जमतात आणि कोणाची गाठ कोणाशी बांधायची ते ठरवतात. हा इझुमो बीजांडावर कोणाला धरतो हे समजायला आणखी नऊ वर्षं गेली. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये बियांकी आणि राइट यांना बीजांडावरचं जोडीचं प्रथिन मिळालं, नाव जूनो, रोमन लोकांची लग्नाची देवी. जपानी देव नि रोमन देवी, लग्न जमलं. पण ते दोघं नुसते धरतात, दोन पेशी एक करत नाहीत. त्यासाठी अजून कोणीतरी हवं होतं.

कालच्या पेपरात अल्फाफोल्डनं सुचवलं आणि प्रयोगांनी दाखवलं की शुक्राणूच्या पृष्ठावर इझुमो एकटा नसतो. स्पाका६ आणि टीमेम८१ या दोघांना धरून तिघांचा गट बनतो. हा गट माशातही आहे आणि माणसातही. माशात तो बाउन्सरला धरतो, सस्तन प्राण्यांत जूनोला. गाबोळीपासून माझ्या आईपर्यंत शुक्राणूकडची बाजू तीच राहिली, बीजांडाकडचा राखणदार बदलला.

आणि बाउन्सरचं काय झालं? २०२१ मध्ये कळलं की सस्तन प्राण्यांत त्याचा भाऊबंद आहे, पण शुक्राणूवर. बीजांडाच्या बाहेरच्या आवरणातून जायला तो लागतो. म्हणजे उत्क्रांतीच्या ओघात एक रेणू एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. माहेरचा सासरचा झाला म्हणा. धावणारा नर आणि वाट बघणारी मादी ही चित्रं पाठ्यपुस्तकांत कशी शिरली, यावर एमिली मार्टिन या अमेरिकन बाईंनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय. आज रेणूंच्या पातळीवर बघताना कोण कोणाचं, हेच ठरवता येत नव्हतं.

माझा ज्युनिअर म्हणाला, "ताई, संगणकानंच सगळं सांगितलं तर आपण पहाटेची गाडी कशाला पकडायची?" म्हटलं, संगणकानं सुचवलं, पण खरं आहे का ते शेवटी कोणीतरी अंडी मोजूनच सांगितलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा आठ. पुन्हा पहाट. या वेळी माध्यम काल एकटीनं बनवलं, फोन बॅगेत. अल्ब्युमिन वरून भुरभुरवलं आणि ते विरघळेपर्यंत बाटलीसमोर बसून राहिले. वीस मिनिटं. पांढरी भुकटी आधी तरंगते, मग कडेनं पारदर्शक होत होत खाली उतरते.

आज तासाभरानं शुक्राणू पाहिले तेव्हा शेपट्यांचे फटके स्पष्ट होते. सरळ पोहणं सोडून ते वेडेवाकडे, जोरात वळत होते. त्यातला काही भाग पडद्यासाठी काढून ठेवला, उरलेले बीजांडांच्या थेंबात.

मग वाट बघायची. थेंबात काय चाललं असेल ते मला आता ठाऊक आहे, दिसत नसलं तरी. बीजांड बसून नाही. ते विभाजनाच्या मध्यावर थबकलेलं असतं, पिकून, सज्ज. शुक्राणू आत जाताना स्वतःबरोबर एक प्रथिन नेतो, पीएलसी झीटा. कार्डिफच्या गटानं ते २००२ मध्ये शोधलं. त्यानं बीजांडात कॅल्शियमच्या लाटा उठतात, एकीमागून एक, काही तास. त्या लाटांनी बीजांडाच्या कडेच्या पिशव्या फुटतात, ओव्हास्टॅसिन बाहेर पडतं आणि आवरणातल्या एका प्रथिनाला कात्री लावतं. नंतर येणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. जूनो तर अर्ध्या-पाऊण तासात पृष्ठावरून निघूनच जाते. दार बीजांडाचं, बंदही तेच करतं.

भाईंदरला डब्यात चढू न देणाऱ्या बायकांना पुढच्या वेळी हे सांगावं काय?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

एकशे शहात्तरपैकी एकशे एकोणतीस. दोन-दोन पेशी, गोल, एकमेकींना टेकलेल्या. पडद्यावर पूर्ण शिडी.

वहीत मथळा लिहिताना 'कपॅसिटेशन'पुढे कंसात मराठी शब्द घातला : तेल उतरणं. थिसिसमध्ये जाणार नाही. वहीत राहील.

२८ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

सोसायटीच्या फाटकाशी कोणीतरी गाय-वासरू आणलं होतं, आई पूजेला गेली. मी घरी एकटी असताना दादाचा फोन. लोकलमध्ये होता, मागून नायगावची घोषणा ऐकू आली.

"ते तपासणीचं… रिपोर्ट खराब आला तर?"

तेवढ्यासाठीच तीन वर्षं. 'मला काय झालंय' या वाक्याच्या खाली हे दडलेलं होतं आणि मी त्याच्यावर टक्केवारी फेकत होते. या वेळी आवाज चढवला नाही. म्हटलं, "दादा, खराब-चांगलं असं नसतं त्यात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. आजचा रिपोर्ट म्हणजे अडीच महिन्यांपूर्वीची हकिगत. ताप येऊन गेला असला तरी आकडे पडतात. एकावरून काही ठरवत नाहीत, दोनदा करतात." मग बाबांचं वाक्य सांगितलं, टोपाचं आणि कानाचं.

पलीकडे बराच वेळ नुसता खाडीवरच्या पुलाचा खडखडाट.

"बाबा असं म्हणाले?"

"भांड्यांबद्दल."

"हं," दादा म्हणाला. गाडी भाईंदरला आली असणार, गर्दीत फोन कट झाला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

दादा-वहिनी सकाळीच आले. ओवाळताना दादानं ताटात पाकीट टाकलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्याच हातात दिला. उभ्या उभ्या वाचला. संख्या ठीक. हालचाल कमी, बेचाळीसच्या खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा बेचाळीस टक्के आहे.

"पुन्हा करायला सांगितलंय," तो म्हणाला. "जानेवारीत." आणि वहिनीकडे न बघता, "तोपर्यंत हिला सुया नकोत म्हणून मी सांगितलंय डॉक्टरांना."

वहिनी पाटाच्या कडेला उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, दुःखही नाही. खूप वेळ एकटीनं धरून ठेवलेल्या वस्तूचं दुसरं टोक कोणीतरी उचललं की हात जसे क्षणभर तसेच राहतात, तसं काहीतरी.

जेवणं झाल्यावर आईनं फाइल मागितली. दादाचा कागद सरळ केला, भोकं पाडली आणि लावला. मागे नाही, तारखेप्रमाणे सर्वांत वर. मग चष्मा पुसत चिठ्ठीकडे बघत राहिली. 'सूनबाई – दवाखाना'. नखानं तिची कड उचलली, चिठ्ठी निघाली तशी कागदाचा पापुद्राही निघाला.

"तुझं अक्षर बरं आहे," मला म्हणाली. "नवीन लिही."

"काय लिहू?"

"दोघांची नावं लिही."